हुकूमशाही इमारती वाचायच्या कशा? (खांबांच्या पलीकडे)

ओळंबा

हुकूमशाही आणि वास्तुकला हा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींपाशी अडते: अवाढव्य आकार आणि रोमन खांब. दोन्ही खऱ्या आहेत, पण त्यांनी फारसं काही उलगडत नाही. मोठ्या इमारती सगळेच बांधतात, आणि खांब काय, बँकाही लावतात. माझा मुद्दा असा की अशा इमारतीचा प्रचार तिच्या तोंडावळ्यापेक्षा तिच्यातून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर जास्त होतो. किती चालायला लावलं, कुठे थांबवलं, पायाखाली काय ठेवलं, मान किती वर करायला लावली. हे सगळं नकाशावर मोजता येतं.

उदाहरण घेऊ बर्लिनच्या नव्या राइश चॅन्सेलरीचं, म्हणजे हिटलरच्या सरकारी कार्यालयाचं. हिटलरचा वास्तुविशारद आल्बेर्ट श्पेअरचं काम, जानेवारी १९३९ मध्ये पुरं झालं. भूखंड फोसश्ट्रास रस्त्याला लागून, लांबुळका आणि अरुंद. अशा जागेत दार साधारण मध्यावर ठेवतात, म्हणजे आतली ये-जा कमी होते. श्पेअरने बड्या पाहुण्यांचं दार एका टोकाला ठेवलं.

परदेशी वकील उघड्या चौकात गाडीतून उतरे. समोर आर्नो ब्रेकरचे दोन नग्न पुतळे, एक पक्षाचा आणि एक सैन्याचा. पायऱ्या चढून एक लहान दालन, मग जवळजवळ पाच मीटर उंचीचं दार, मग ४६ मीटर लांबीचं मोझॅइकचं दालन. त्याला एकही खिडकी नाही, उजेड फक्त छतातून. पुन्हा काही पायऱ्या, घुमटाखालची गोल खोली, आणि मग १४६ मीटरची संगमरवरी गॅलरी. व्हर्सायचा आरसेमहाल ७३ मीटरचा आहे, म्हणजे बरोब्बर दुप्पट. दालनांची सगळी ओळ धरली तर सुमारे २२० मीटर. गॅलरीच्या घोटलेल्या फरशीवर गालिचा मुद्दामच घातला नव्हता. मुत्सद्द्यांना निसरड्यावर चालायची सवय हवीच, असं हिटलरचं त्यावरचं म्हणणं.

शेवटी त्याची खोली २७ गुणिले साडेचौदा मीटर. आपल्या हिशोबात बेचाळीसशे चौरस फूट, एका माणसाच्या टेबलासाठी. त्या टेबलाच्या लाकडी जडावकामात म्यानातून अर्धी उपसलेली तलवार. १५ मार्च १९३९ च्या मध्यरात्रीनंतर चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष एमिल हाखा यांना इथेच आणलं. वय ६६, हृदय कमजोर, त्याआधी काही तास हॉटेलात ताटकळत ठेवलेले. बोलणी चालू असतानाच त्यांना भोवळ आली, डॉक्टर बोलावून इंजेक्शन द्यावं लागलं, आणि पहाटे त्यांनी सही केली. सही धमकीमुळे झाली, इमारतीमुळे नव्हे, हे उघड आहे. पण धमकी कुठल्या खोलीत द्यायची हेही कोणीतरी आधी आखलेलं असतं.

अशी मोजता येतील अशी उदाहरणं इथे गोळा करूया. 'भव्यदिव्य', 'थंड', 'भीतिदायक' असली विशेषणं कमी, मीटर आणि टन जास्त.

प्रश्नोपनिषद

धागा आवडला. एक शंका. दगड, खांब, सममिती म्हणजे हुकूमशाही आणि काच, मोकळेपणा म्हणजे लोकशाही, असं शाळेपासून ऐकत आलो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते चूक का?

ओळंबा

@प्रश्नोपनिषद, चूकच. दोन्ही बाजूंनी खोडता येतं.

१९३७ चं पॅरिसचं प्रदर्शन घ्या. सीन नदीच्या काठाशी जर्मन आणि सोव्हिएत दालनं समोरासमोर. श्पेअरचा ५४ मीटरचा मनोरा, माथ्यावर गरुड. समोर बोरिस इओफानचं दालन आणि त्यावर व्हेरा मुखिनाचं स्टेनलेस स्टीलचं कामगार-शेतकरी जोडपं, सुमारे साडेचोवीस मीटर उंच. हा फोटो प्रत्येक पुस्तकात असतो. फोटोच्या चौकटीत बहुधा न मावणारी गोष्ट म्हणजे त्याच प्रदर्शनासाठी फ्रान्सने बांधलेला शायो राजवाडा. तोही दगडी, सममित, नक्षी काढून टाकलेल्या उभ्या खांबांचा. आणि फ्रान्स तेव्हा प्रजासत्ताक होतं. त्या दशकात सरकारी इमारतींची ती चालू फॅशनच होती, वॉशिंग्टनपासून मॉस्कोपर्यंत.

आता उलटं उदाहरण. इटलीतल्या कोमो गावी जुझेप्पे तेरान्यीने १९३२ ते ३६ मध्ये फासिस्ट पक्षाचं कार्यालय बांधलं. पाया ३३.२ मीटरचा चौरस, उंची त्याच्या निम्मी, १६.६ मीटर. पांढरी चौकट, काच, आत मोकळा चौक. खांबांवर शिरोभाग नाही, गरुड नाही. आजही वास्तुकलेच्या वर्गात आधुनिक शैलीचा नमुना म्हणून शिकवतात. मुसोलिनीने फासिझमला काचेच्या घराची उपमा दिली होती, तेरान्यीने ती शब्दशः घेतली. आता चालण्याचा हिशोब बघा: चौकाकडची काचेची दारं विजेवर चालणारी, सगळी एकाच वेळी उघडणारी. म्हणजे आतले कार्यकर्ते एका दमात चौकातल्या गर्दीत उतरणार. दर्शनी भागाची उजवीकडची भिंत कोरी दिसते ती साधेपणासाठी नव्हे. तिथे मार्चेल्लो निझ्झोलीची प्रचारचित्रं लावायची योजना होती, ती राहून गेली. आज आपण त्या कोऱ्या भिंतीला शुद्ध आधुनिकता म्हणून दाद देतो, ही गंमत.

गिलावा

बांधकामाच्या बाजूने थोडी भर. दर्शनी दगड बघून फसू नका, त्यामागे काय आहे ते बघा.

न्यूरेंबर्गच्या त्सेपेलिनफेल्ड या नाझी मेळाव्यांच्या मैदानाचं मुख्य व्यासपीठ सुमारे ३६० मीटर लांब, पेर्गामोनच्या प्राचीन ग्रीक वेदीवरून बेतलेलं. श्पेअरचा सिद्धान्त असा की इमारत अशी बांधावी की हजार वर्षांनी तिचे अवशेषसुद्धा रोमच्या अवशेषांसारखे देखणे दिसतील. म्हणून लोखंड आणि काँक्रीट नको, अस्सल दगड हवा. प्रत्यक्षात घाई होती. आत वीट आणि काँक्रीट, बाहेर शिंपल्यांच्या चुनखडी दगडाचं आवरण. अशा जोडकामात काय होतं ते कुठल्याही साइटवर दिसतं: सांधे उघडतात, आवरणामागे पाणी शिरतं, निघायला वाट नसते. त्यात जर्मनीचा हिवाळा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगडाला आतून ढकलतं. दर हिवाळ्यात थोडं थोडं. माथ्यावरचं स्वस्तिक अमेरिकी सैन्याने एप्रिल १९४५ मध्येच उडवलं होतं. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा १९६७ मध्ये शहरालाच उडवाव्या लागल्या, कारण त्या पडायला आल्या होत्या. हजार वर्षांचा वायदा, तीस वर्षांत निकाल.

याहून बोलकं उदाहरण बर्लिनच्या टेम्पेलहोफ भागात आहे. 'जर्मानिया' नावाच्या नियोजित राजधानीत ११७ मीटर उंचीची विजयकमान उभारायची होती. बर्लिनची जमीन भुसभुशीत, ती हे ओझं पेलणार का? चाचणीसाठी १९४१-४२ मध्ये काँक्रीटचा एक भरीव दंडगोल ओतला. जमिनीवर १४ मीटर उंच आणि २१ मीटर व्यासाचा. खाली १८ मीटर खोल गेलेला पाय, व्यास फक्त ११ मीटर. वजन १२,६५० टन. वरचा भाग रुंद आणि पाय बारीक अशासाठी की सगळा भार सुमारे शंभर चौरस मीटरवर यावा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेबारा किलोच्या वर. आत मोजमापाच्या खोल्या ठेवल्या होत्या, खचणं नोंदवायला.

सहा सेंटिमीटरपर्यंत खचलं तर चालेल असं ठरलं होतं. अडीच-तीन वर्षांत ते १९ सेंटिमीटर खचलं. म्हणजे आधी जमीन खोलवर पक्की केल्याशिवाय कमान उभीच राहू शकली नसती. तो ठोकळा अजून तिथे आहे. शेजारी घरं आणि रेल्वे असल्याने सुरुंग लावता येईना. आता तो संरक्षित वास्तू आहे. युद्धानंतर मृदायांत्रिकीवाल्यांनी तो १९७७ पर्यंत प्रयोगांसाठी वापरला. अख्ख्या जर्मानियातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच म्हणायचा.

आणखी एक, आणि यात गंमत काही नाही. एवढा ग्रॅनाइट येणार कुठून? एसएस या नाझी निमलष्करी दलाने १९३८ मध्ये दगड आणि विटांची कंपनी काढली. फ्लोसेनबुर्ग आणि माउटहाउझेन या छळछावण्यांची जागा ठरली ती शेजारच्या ग्रॅनाइटच्या खाणींमुळे. दर्शनी दगड बघताना हा पुरवठा डोळ्यांसमोर ठेवावा.

कंदील

दगडावर बरंच झालं, मी प्रकाशाकडे वळतो. सगळ्यांत परिणामकारक 'इमारत' दगडाची नव्हतीच.

त्याच त्सेपेलिनफेल्डवर १९३६ च्या मेळाव्यात विमानवेधी सर्चलाइट मैदानाभोवती १२-१२ मीटरवर उभे करून सरळ वर रोखले. श्पेअर १३० म्हणतो, इतर नोंदींत १५२ येतो. दीड मीटर व्यासाचे आरसे, आत कार्बनच्या कांड्यांमधली ठिणगी, वीज जनरेटरवरची. झोत वेगवेगळे खांब म्हणून वर जातात आणि सहा-आठ किलोमीटरवर मिसळून अंधुक घुमट होतो. ढग आले तर घुमट खाली येतो, धूर किंवा धुकं असेल तर खांब जास्त ठसठशीत होतात, अगदी निरभ्र कोरड्या हवेत मात्र झोत फिके पडतात. गणपतीच्या मंडपातला लाइटवालाही हे सांगेल: झोत दिसायला हवेत काहीतरी लागतं.

एवढे सर्चलाइट म्हणजे हवाई दलाच्या राखीव साठ्यातला मोठा वाटा, म्हणून हवाई दलप्रमुख ग्योरिंगने कुरकुर केली. हिटलरचं उत्तर: शत्रूला वाटेल, मेळाव्यात एवढे उधळतात तर यांच्याकडे सर्चलाइटचा पूर असेल. देखावा आणि फसवणूक एकाच खर्चात.

अंधार का निवडला याचंही कारण श्पेअरच्याच आठवणींत आहे. गावोगावचे पक्षाचे पदाधिकारी कवायतीला उतरले की सुटलेली पोटं आणि वाकड्या रांगा दिसत. म्हणून त्यांना रात्री चालवायचं, उजेड झेंड्यांवर टाकायचा, माणसं काळोखात. मैदानाभोवती जे ३४ भारदस्त दगडी बुरूज दिसतात, ज्यांच्यावर झेंडे फडकत, त्यांच्या पोटात स्वच्छतागृहं होती. लाखभर माणूस दिवसभर उभा करायचा तर ती कुठेतरी हवीतच!

वाकडी_वाट

कंदील आणि ओळंबा, दोघांनाही थोडं थांबवतो. पोटांची गोष्ट, गुळगुळीत फरशीची गोष्ट, ग्योरिंगची कुरकुर, यांचा उगम एकच: श्पेअर स्वतः. वीस वर्षं तुरुंगात काढून आलेला माणूस, 'मी नुसता कलावंत होतो' ही प्रतिमा उभी करणारा. त्याच्या तोंडची प्रत्येक चुटकुली पुरावा म्हणून घेऊ नये.

सर्वांत मोठं उदाहरण चॅन्सेलरीचंच. श्पेअरची गोष्ट अशी की हिटलरने जानेवारी १९३८ मध्ये बोलावून एका वर्षाची मुदत दिली आणि त्याने ती पाळली. कागदपत्रं तपासल्यावर दिसतं की आराखडे आणि जागांची खरेदी त्याच्या कितीतरी आधीची आहे, १९३८ उजाडण्यापूर्वीच फोसश्ट्रासवरची घरं पाडायलाही सुरुवात झाली होती. मग एका वर्षाची गोष्ट कशाला? कारण वेग हाच प्रचार होता. 'हा अमेरिकी नव्हे, जर्मन वेग' असं हिटलर कामगारांपुढे म्हणाला.

म्हणून तुमच्या मोजमापात मीटर आणि टनांसोबत महिनेही घ्या, आणि ते महिने कोणी सांगितले तेही बघा. 'विक्रमी वेळेत पूर्ण' ही पाटी खुद्द इमारतीएवढीच बारकाईने वाचावी लागते. बीजिंगचं जनता महासभागृह १९५९ च्या दहाव्या वर्धापनदिनाआधी दहा महिन्यांत उभं राहिलं, आणि आजही त्याची ओळख करून देताना मजले नव्हे, ते दहा महिनेच आधी सांगतात.

ओळंबा

@वाकडी_वाट, मान्य. गॅलरीची लांबी नकाशावरची आहे, ती टिकते. फरशीवरचं हिटलरचं वाक्य 'श्पेअर सांगतो' असं धरून वाचावं.

फिरस्ता

जर्मनी-इटलीतून बाहेर पडूया का? रुमानियाची राजधानी बुखारेस्टबद्दल लिहितो.

४ मार्च १९७७ च्या भूकंपात शहराचं मोठं नुकसान झालं. त्याआधी १९७१ मध्ये तिथला हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कु चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून आला होता आणि प्याँगयांग त्याच्या डोक्यात बसलं होतं. भूकंप ही संधी झाली. उरानुस नावाची टेकडीवरची जुनी वस्ती जवळजवळ संपूर्ण पाडली आणि १९८४ मध्ये 'जनतेचं घर' बांधायला घेतलं. मुख्य वास्तुविशारद अंका पेत्रेस्कु. पाया २७० गुणिले २४० मीटर, उंची ८४ मीटर, क्षेत्रफळ ३,६५,००० चौरस मीटर. जगातली सर्वांत जड इमारत म्हणून गिनेसमध्ये नोंद. समोरून 'समाजवादाचा विजय' नावाचा तीन किलोमीटरहून लांब हमरस्ता, पॅरिसच्या शाँझेलिझेपेक्षा मुद्दाम थोडा रुंद.

हे बांधकाम चालू असताना देशात परकीय कर्ज फेडण्यासाठी अन्न आणि इंधन निर्यात होत होतं. घरांत वीज, गॅस आणि उष्णतेवर कपात होती. आत मात्र झुंबरं. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट पडली तेव्हा इमारत अपुरीच होती. पाडणं पुरं करण्यापेक्षा महाग पडलं असतं, म्हणून पुरी केली. आज तिथे संसद बसते.

पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. त्या हमरस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंना सलग उंच इमारतींची भिंत दिसते. तिच्या मागच्या गल्लीत शिरलात तर अंगणात अडकलेली छोटी छोटी चर्च सापडतात. ती तिथे बांधलेली नाहीत, ढकलत आणलेली आहेत.

प्रश्नोपनिषद

ढकलत? चर्च? विटांचं?

फिरस्ता

हो. एउजेनिउ योर्दाकेस्कु नावाचा स्थापत्य अभियंता. राजवटीला ती समोर नको होती, त्याने ती वाचवायचा तोडगा दिला. स्कितुल माइचिलोर १९८२ मध्ये २४५ मीटर सरकवलं, मिहाय वोदा १९८५ मध्ये २८९ मीटर, तेही टेकडीच्या उतारावरून खाली. राजवटीची अट एकच, हमरस्त्यावरून दिसता कामा नये. सगळी वाचली नाहीत. वाकारेश्टीचा मठ १९८० च्या दशकातच जमीनदोस्त झाला.

गिलावा

@प्रश्नोपनिषद, पद्धत सांगतो, ऐकायला वाटते तेवढी जादू नाही.

भिंतींच्या बुडाशी चर खणून जोतं उघडं करायचं. भिंतीला एकदम कापायचं नाही. थोडा तुकडा फोडायचा, त्यात सळ्या बांधून काँक्रीट भरायचं, ते पक्कं झालं की शेजारचा तुकडा. असं करत फिरलं की सगळ्या भिंतींखाली आरसीसीची एक सलग चौकट तयार होते. ताटात ठेवल्यासारखी इमारत तिच्यावर बसते. मग चौकटीखालून जुन्या पायाशी असलेला संबंध तोडायचा, हायड्रॉलिक जॅकने हलकेच उचलायची, खाली रूळ आणि चाकं सरकवायची, आणि आडव्या जॅकने ढकलायची. पुढच्या टोकाला नवा पाया आधीच तयार असतो.

बिघडतं कुठे? जॅक समान उचलले नाहीत की. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा थोडा जरी वर गेला तरी विटांच्या भिंतीला तिरका तडा जातो, कारण वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून कमानी आणि घुमटांना आधी आतून लाकडी-लोखंडी टेकू देतात आणि बाहेरून पट्टे आवळतात. दुसरा धोका रुळाखालच्या जमिनीचा. नव्या भरावावरून वाट गेली तर ती वाटेतच खचते. उतार असेल तर ढकलण्यापेक्षा रोखून धरणं जास्त जिकिरीचं.

खिळेजुळारी

इमारतींच्या गर्दीत अक्षरं विसरू नका. दृश्य प्रचारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त पोचणारी तीच.

नाझी म्हटलं की लोकांना टोकदार काळी फ्राक्टुर अक्षरं आठवतात. सुरुवातीला ती 'अस्सल जर्मन' म्हणून मिरवलीही. १९३३ नंतर छापखान्यांनी तिचे सरळ, कडक, फाटे छाटलेले नवे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) काढले. 'टानेनबर्ग' त्यातलाच एक. जुळारी लोक त्यांची टिंगल 'बुटांची अक्षरं' या अर्थाच्या नावाने करत. मग ३ जानेवारी १९४१ ला नाझी पक्षाचा बडा अधिकारी मार्टिन बोरमान याचं परिपत्रक निघालं: ही तथाकथित गॉथिक लिपी मुळात जर्मन नाहीच, ती 'श्वाबाखर ज्यू अक्षरं' आहेत, यापुढे रोमन वळण हेच सामान्य वळण. इतिहास म्हणून हे धादांत खोटं. श्वाबाखर पंधराव्या शतकातल्या जर्मनीतलंच. खरं कारण व्यवहाराचं: अर्धा युरोप ताब्यात आला होता आणि तिथल्या लोकांना फ्राक्टुर वाचता येत नव्हती. हुकूम वाचताच आला नाही तर पाळणार कोण?

ते परिपत्रक नीट बघा. मजकूर टाइपरायटरवरचा आहे, पण कागदाच्या माथ्यावर पक्षाचं नाव छापलंय ते फ्राक्टुरमध्येच. जुनं लेटरहेड संपायचं होतं.

दुसरं उदाहरण बुखेनवाल्डच्या छावणीचं दार. लोखंडी फाटकातली अक्षरं: 'ज्याला त्याला त्याच्या वाट्याचं'. ती बाहेरून उलटी दिसतात. सुलटी वाचता येतात ती फक्त आतून, हजेरीच्या मैदानातून. म्हणजे ही पाटी येणाऱ्याला नव्हे, कोंडलेल्याला उद्देशून. अक्षरं काढणारा फ्रान्झ एर्लिख स्वतः तिथला कैदी, बाउहाउसचा विद्यार्थी. हुकूम एसएसचा, पण वळण त्याने बाउहाउसचं दिलं, जी शाळा नाझींच्या दडपणाखाली १९३३ मध्ये बंद पडली होती. पहारेकऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही.

अर्धवर्तुळ

थोडं अवांतर, पण धाग्याच्या मोजपट्टीत बसतं. निवडून न आलेली राजवट म्हणून वसाहतींचं राज्य इथे धरायला हरकत नसावी.

दिल्लीच्या रायसीना टेकडीकडे राजपथावरून जाताना (आता कर्तव्यपथ) मधल्या चढामुळे राष्ट्रपती भवन हळूहळू बुडतं आणि चढाच्या पायथ्याशी फक्त घुमटाचा वरचा भाग उरतो. कारण वास्तुविशारद हर्बर्ट बेकरची सचिवालयं टेकडीच्या पुढच्या कडेला आली, व्हाइसरॉयचं घर मागे सरकलं, आणि मधल्या रस्त्याचा चढ त्या घराचा वास्तुविशारद ल्यूटन्स याच्या उशिरा ध्यानात आला. त्याने चढ कापून सौम्य करायला खूप धडपड केली, जमलं नाही. प्रचारासाठी आखलेला कोन अभियांत्रिकीच्या एका उतारावर हुकला.

खिळेजुळारींसाठी: नॉर्थ ब्लॉकवर कोरलेलं वाक्य आहे, स्वातंत्र्य लोकांवर वरून उतरत नाही, लोकांनीच स्वतःला त्याच्यापर्यंत उंचवावं लागतं, ते आधी कमवावं लागतं, मग उपभोगता येतं. राज्यकर्त्याने शासितांसाठी दगडात कोरलेलं. आणि मुंबईच्या व्हीटीच्या फाटकाच्या दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत: सिंह ब्रिटन, वाघ हिंदुस्थान. रोज लाखो लोक तिथून जातात, फोटो काढतात, अर्थ विचारत नाहीत. हाही मुद्दा नोंदवावा. वाचणारा उरला नाही की चिन्ह नुसती नक्षी होतं.

कंदील

आकड्यांचं चिन्ह करण्याची हौस उत्तर कोरियात बघावी. प्याँगयांगचा जूछे मनोरा १९८२ चा, किम इल-संगच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी. मशालीसकट १७० मीटर, वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभापेक्षा जेमतेम मीटरभर उंच. त्याला २५,५५० दगड, आयुष्याच्या प्रत्येक दिवसाला एक. आता ३६५ गुणिले ७० करा, २५,५५०च येतात. १९१२ च्या एप्रिलपासून १९८२ च्या एप्रिलपर्यंत १७ लीप वर्षं येतात, ती कोणी धरलीच नाहीत.

तुर्कमेनिस्तानची राजधानी अश्गाबादबद्दल एका ओळीत: पांढऱ्या संगमरवराने मढवलेल्या ५४३ नव्या इमारती, २०१३ ची गिनेस नोंद. सूर्याबरोबर फिरणारा तिथला हुकूमशहा नियाझोवचा सोनेरी पुतळा कमानीसकट २०१० मध्ये शहराबाहेर हलवला. पाडला नाही, हलवला.

प्रश्नोपनिषद

मग एखादी इमारत समोर आली तर सुरुवात कुठून करायची? आणि राजवट गेल्यावर या इमारतींचं करायचं काय?

ओळंबा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी तळमजल्याचा नकाशा मिळवा. फाटकापासून मुख्य माणसाच्या टेबलापर्यंत रेघ ओढा आणि पावलं मोजा. मीटरला साधारण दीड पाऊल धरा. त्या रेघेवर कुठे खिडकी नाही, कुठे पायऱ्या आहेत, कुठे बसायला जागा नाही, ते लिहा. दाराची उंची माणसाच्या किती पट? दोनपर्यंत नेहमीचं, तीनच्या पुढे कोणीतरी काहीतरी सांगू बघतंय. मग मागे जा. मागची बाजू कुठल्या दगडाची आहे, नोकरांचं दार कुठे आहे, आधी तिथे कोण राहत होतं. शेवटी उद्घाटनाची तारीख बघा. रोममध्ये जुनी वस्ती आणि वेलिया टेकडी कापून काढलेला साम्राज्यमार्ग उघडला २८ ऑक्टोबर १९३२ ला, मुसोलिनीला सत्तेवर आणणाऱ्या रोमवरच्या मोर्चाच्या दहाव्या वर्धापनदिनी. तारीख आधी ठरते, रस्ता नंतर.

त्याच रस्त्यावर माक्सेंतियसच्या बाझिलिका या प्राचीन रोमन सभागृहाच्या भिंतीवर संगमरवरी नकाशे लावले: रोमचं राज्य कसं वाढत गेलं याचे चार. १९३६ मध्ये इथिओपिया जिंकल्यावर पाचवा लावला, मुसोलिनीच्या साम्राज्याचा. युद्धानंतर पाचवा काढला, चार अजून आहेत. पहिले चार नुसते इतिहासाचे धडे वाटतात, कारण ज्याच्यासाठी ती रांग लावली होती तो पाचवा आता नाही.

गिलावा

दुसऱ्याबद्दल फक्त न्यूरेंबर्गचं सांगतो. शहराने ठरवलं की व्यासपीठ पूर्ववत करायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही. पाणी अडवायचं, सैल दगड बसवायचे, पाडलेले खांब परत उभारायचे नाहीत. अंदाजे साडेआठ कोटी युरोंचं काम. 'नाझी इमारतीवर एवढा पैसा?' ही ओरड झालीच. पण कुंपण घालून सोडली तर तीच इमारत गूढ आणि भव्य वाटायला लागते. आत जाऊन विटा आणि गळती बघता आली की ती तशी वाटत नाही.

खिळेजुळारी

इटलीच्या उत्तरेला, जर्मनभाषक बहुसंख्य असलेल्या प्रांतातल्या बोल्झानो शहरात, फासिस्ट पक्षाच्या जुन्या कार्यालयावर हान्स पिफ्राडरचं ३६ मीटर लांबीचं दगडी शिल्पफलक आहे. मधोमध घोड्यावर मुसोलिनी, खाली 'विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा'. आता तिथे सरकारी वित्त कार्यालयं. काढायचं की ठेवायचं, यावर वर्षानुवर्षं भांडण. २०१७ मध्ये फलक तसाच ठेवून त्यावर प्रकाशाच्या अक्षरांत तत्त्वचिंतक हाना आरेंटचं वाक्य लावलं: 'आज्ञा पाळण्याचा अधिकार कोणालाही नाही'. जर्मन, इटालियन आणि लादीन अशा तीन भाषांत, कारण तिथे तिन्ही बोलल्या जातात. अक्षरं बारीक रेघेची, साधी, फाटे नसलेली. त्यांच्यामधून मागचा घोडा दिसत राहतो, आणि खालची जुनी आज्ञाही वाचता येते.